दार आणि गाडी यांच्यामधली जागा



आज घराबद्दल बोलू या. मी वास्तुविशारद नाही. धंदा आयटी सल्लागाराचा, त्यावर एमबीएचा शिक्का. 'आर्किटेक्चर' हा शब्द दिवसातून वीसदा तोंडात येतो, पण तो सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या संदर्भात. तरीही सौदी अरेबियात काही वर्षं काढल्यावर खऱ्या, दगडमातीच्या आर्किटेक्चरबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे, आणि ती थेट तुमच्या खिशाशी जोडलेली आहे. कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण आज ना उद्या पुण्यात, नाशकात नाहीतर ठाण्यात फ्लॅट घेणार. काहींचं बुकिंग झालंही असेल.

गोष्ट अशी की शेजार हा माणसांच्या स्वभावापेक्षा नकाशावर जास्त अवलंबून असतो. आणि नकाशातली त्यासाठी महत्त्वाची जागा म्हणजे घराचं दार आणि गाडी यांच्यामधली.

रियाधकरांना ही जागा कशी असते ते सांगायला नको. फ्लॅटचं दार, लिफ्ट, तळघरातलं पार्किंग, गाडी, ऑफिस किंवा मॉल, आणि परत तसंच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्यामुळे पायी कोणी निघत नाही. मुलं शाळेच्या बसमधून उतरतात ती सरळ लिफ्टमध्ये. शेजारच्या दाराबाहेरच्या चपला मोजून आत किती माणसं असतील याचा आपण अंदाज बांधतो. नाव माहीत नसतं.

मग आपण काय करतो? इस्तिराहा भाड्यानं घेतो. बाहेरच्या देशांतल्या श्रोत्यांसाठी सांगतो: शहराच्या कडेला भिंतीआड एक हिरवळीचा तुकडा, एक मोठी बैठकीची खोली किंवा तंबू, मुलांना झोका, कधी पोहायचा तलाव. दिवसाच्या किंवा रात्रीच्या हिशोबानं मिळतो. दिवाळीचा फराळ, वाढदिवस, कोणाचा निरोपसमारंभ, सगळं तिथे. पन्नास माणसं जमतात, मिसळ होते, मुलं रात्री एकपर्यंत पळतात. फार छान असतं. पण ते वर्षातून चारदा, आणि त्यासाठी व्हॉट्सॅपवर तीन आठवडे चर्चा. एखाद्या दुपारी लहान मूल तापानं फणफणलंय आणि नवरा दम्मामला गेलाय, तेव्हा इस्तिराहा कामाला येत नाही. तेव्हा शेजारचं दार लागतं.

आता कोणी म्हणेल, हा वाळवंटी देश, ऊन असं, त्यात पडद्याची रीत. इथे घरं अशीच असणार. मला हे मान्य नाही. ऊन हेच होतं आणि रीत आजच्यापेक्षा कडक होती, तेव्हा याच देशात फार वेगळी घरं उभी होती. आणि ती अजून बघता येतात.

जेद्दाचं जुनं शहर, अल-बलद, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. २०१४पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची उंच घरं, आणि दर्शनी बाजूला बाहेर आलेले लाकडी जाळीचे मोठे सज्जे. त्यांना तिथे रोशन म्हणतात. लाकूड बरंचसं सागवान, जहाजांतून भारतातून आणि जावाहून आलेलं. रोशनला नुसती खिडकी समजू नका. त्यात बैठक असायची. दुपारी तिथे बसायचं, रात्री तिथेच आडवं व्हायचं. जाळीतून समुद्रावरचा वारा आत यायचा, त्या वाऱ्यात मातीच्या भांड्यांतलं पाणी गार व्हायचं. आतल्या बाईला गल्ली दिसायची, गल्लीतल्या माणसाला ती दिसायची नाही.

खाली दाराशी मिरकाज. म्हणजे संध्याकाळी गल्लीतले पुरुष बसायचे ती लाकडी बाकांची जागा. आणि गल्ल्या जिथे एकमेकींना मिळायच्या तिथे छोटीशी मोकळी जागा, तिचं नाव बरहा. मुलांचे खेळ, लग्नाची पंगत, ईदचे पाळणे, सगळं बरह्यात. वरून घरातल्या बायकांचं तिकडे लक्ष. आपल्या भाषेत बोलायचं तर माडीचा सज्जा, खाली ओटा आणि पुढे चौक. माझ्या घरातून निघून सगळ्यांच्या रस्त्यावर जाईपर्यंत दोन-तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर थांबायला जागा आहे. पंचवीस कोटींच्या टॉवरच्या जाहिरातीत मला ही पायरी अजून कोणी दाखवलेली नाही.

बलदमध्ये गेलात तर नसीफ यांचं घर नक्की बघा. १८८१मध्ये पूर्ण झालेलं. १९२५मध्ये राजे अब्दुलअझीझ जेद्दात आले तेव्हा याच घरी उतरले होते. पण जुने लोक त्याला ओळखायचे ते 'झाडवालं घर' म्हणून. कारण कितीतरी वर्षं जुन्या शहरात उठून दिसणारं झाड तेवढंच एक. आणि झाड कोणतं? कडुलिंब. आपला कडुलिंब! गोड्या पाण्याची इतकी टंचाई की थेंब मोजून वापरायचा, अशा गावात कोणीतरी तो दारात लावला, जगवला, आणि त्यावरून गावभर पत्ते सांगितले गेले. पुढे मक्केजवळ अराफातच्या मैदानावर हज यात्रेकरूंना सावली हवी म्हणून झाडं लावायची ठरली तेव्हाही कडुलिंबच निवडला. सुमारे पन्नास हजार झाडं आहेत तिथे. एक झाड दारात आणि पन्नास हजार मैदानात, दोन्हींचं काम एकच: खाली कोणालाही बसता यावं.

जेद्दाला दमट हवा, म्हणून घरं वारा शोधतात. रियाधकडचा नजद प्रांत कोरडा, म्हणून तिथली घरं सावली शोधतात. आपल्याकडे कोकण आणि देश यांत जसा फरक, तसाच. नजदचं जुनं घर मराठवाड्यातल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल, कारण ते आपलं माळवदाचंच घर आहे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर खजुराच्या झावळ्या आणि वर माती. मधे चौक. भिंत दिवसभराचं ऊन पोटात ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. चौकात रात्रीची गार हवा खाली बसते आणि सकाळी उशिरापर्यंत टिकते. घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे उन्हात उघडी पडणारी भिंत थोडी. गल्ल्या अरुंद आणि उंच, म्हणून भर दुपारीही एका बाजूला सावली. रियाधपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर उशैगर नावाचं जुनं गाव आहे, सुट्टीच्या दिवशी गाडीनं जाऊन येण्यासारखं. तिथे त्या गल्ल्यांतून चालून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते तळपायांना कळेल.

आणि उत्तरेकडे अल-उला. तिथलं जुनं गाव म्हणजे सुमारे नऊशे घरं एकमेकांना इतकी बिलगलेली की बाहेरच्या घरांच्या भिंती हीच गावाची तटबंदी. गल्ल्यांच्या डोक्यावर खोल्या बांधलेल्या, म्हणजे खालून जाणाऱ्याला छत्र आणि वरच्याला एक खोली जास्त. हिवाळ्यात मुक्काम गावात, उन्हाळ्यात खजुराच्या बागेत. गावात तंतोरा नावाचं एक सावलीचं घड्याळ आहे. वर्षातून एकदा त्याची सावली एका ठरावीक दगडाला टेकली की पेरणीचा हंगाम सुरू झाला असं सगळं गाव समजायचं. एका गावाचं एकच कॅलेंडर, तेही चौकात, सगळ्यांना दिसेल असं. १९८०च्या दशकात शेवटची कुटुंबं तिथून नव्या वस्तीत गेली.

इथे पडद्याचा मुद्दा येतो. आपल्याला वाटतं की खासगीपणा जपायचा तर माणसं लांब ठेवावी लागतात. जुन्या अरबी गावांनी नेमकं उलटं केलं. भिंती सामाईक, पण समोरासमोरची दारं एका रेषेत नाहीत. दारावर तरमा नावाची छोटी पेटीसारखी पुढे आलेली जागा, तिच्या भोकातून वरच्यावर कळतं की खाली कोण आलंय. जी गल्ली पुढे बंद होते ती, तिथे ज्यांची दारं उघडतात त्या सगळ्यांच्या सामाईक मालकीची. बाकीच्यांना विचारल्याशिवाय तिथे नवं दार पाडता येत नाही. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई टेकवायची असेल तर अडवू नये, अशी हदीसमध्येच शिकवण आहे. विचार करा, भिंत दोघांची असल्यावर बोलणं बंद करून चालतच नाही.

मग हे मोडलं कसं? तेल आलं, पैसा आला, गाडी आली. १९५०च्या दशकात रियाधमध्ये मलझ ही नवी वस्ती उभी राहिली, सरळ रस्त्यांची आणि चौकोनी प्लॉटची. पुढे डोक्सियाडिस या ग्रीक नगररचनाकाराच्या कंपनीनं रियाधचा आराखडा केला, तो १९७३मध्ये मंजूर झाला. दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे मोठे चौकोन, भोवती रुंद रस्ते. आज नकाशावर रियाध बघितलं की ते चौकोन दिसतात. घर प्लॉटच्या मधोमध, चारी बाजूंना मोकळी जागा सोडलेली. हा बंगला. युरोप-अमेरिकेत तो शोभतो. इथे काय झालं? चौक घराच्या आत होता तो फुटून घराबाहेर पातळ पट्टी झाला. पहिल्या मजल्याची खिडकी शेजाऱ्याच्या अंगणात डोकावायला लागली. म्हणून लोकांनी कंपाउंडच्या भिंतीवर पत्रे उभे केले. त्यांना सवातिर म्हणतात, जुन्या वस्त्यांत अजून दिसतात. सालेह अल-हथलूल या सौदी अभ्यासकानं १९८१मध्ये एमआयटीत जो प्रबंध लिहिला, त्यात या नियमांची चिरफाड आहे. एका नियमानं खासगीपणाही गेला आणि शेजारही गेला. आमच्या धंद्यात याला चुकीची डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. ती एकदा बसवली की वापरणारे चांगले असून उपयोग होत नाही, कारण बहुतेक लोक सेटिंग बदलायच्या भानगडीत पडत नाहीत.

आता जरा आपल्याकडे वळू या. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात सिडकोसाठी एक वसाहत बांधली. आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात तिला. तिथला हिशोब मला फार आवडतो. सात घरं, मधे साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यात थोडा मोठा चौक. मग त्याहून मोठी जागा, आणि शेवटी पावसाळ्यात वाहणारा ओढा. प्रत्येकाचं घर आपल्या प्लॉटवर स्वतंत्र, म्हणजे पैसे आले की वाढवता येईल. प्लॉटही लहान-मोठ्यांत फार फरक न ठेवता, पंचेचाळीसपासून सुमारे पंच्याहत्तर चौरस मीटरपर्यंत. आज तिथली बरीच मूळ कौलारू घरं जाऊन मजले चढले आहेत. लोकांना जागा लागली, त्यांनी घेतली, त्यासाठीच तर सोय ठेवली होती.

सातच का? बेरीज करून बघा. सात घरांत दोन-दोनच्या जोड्या होतात एकवीस. एवढी नाती माणूस आरामात सांभाळतो. एकवीस घरांत दोनशे दहा. पुण्याच्या टाउनशिपमध्ये चारशे फ्लॅट असले तर जोड्या एकोणऐंशी हजार आठशे! त्यांना एकत्र आणायला बिल्डर एक क्लबहाउस देतो. तिथे जायला वेगळं निघावं लागतं, कपडे बदलावे लागतात, कधी बुकिंग करावं लागतं. म्हणजे ती आपल्या इस्तिराह्याचीच बहीण. ओट्यासाठी बुकिंग लागत नाही, भाजी आणताना तो वाटेतच असतो.

हे बोलताना मी चाळीचं गुणगान करतोय असं समजू नका. सामाईक संडास, नळावरची भांडणं, एका खोलीत आठ माणसं, यांत रम्य काही नव्हतं. पण १८९३मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो बसायला गॅलरी आणि चौक आधी तिथे होते, हेही खरं. सोय सामाईक असण्यापेक्षा वाट सामाईक असावी, असं मला वाटतं. सिंगापूरचे श्रोते हे जाणतात. तिथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा ठेवतात, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. मलय शेजाऱ्याचं लग्न तिथेच, चिनी आजोबांचा शोकविधीही तिथेच, आणि रोज घरी जाणारा प्रत्येक जण त्यातूनच जातो.

तर मंडळी, पुढच्या सुट्टीत फ्लॅट बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्याकडे थोडं कमी बघा. आधी विचारा, एका मजल्यावर किती दारं? चार ते आठ असतील तर बरं. लिफ्टसमोरची जागा अंधारी आहे की तिला उजेड-वारा आहे? आगीच्या वेळची वाट न अडवता तिथे दोन माणसं उभी राहून बोलू शकतील का? मुलांची खेळायची जागा कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते का? की ती मागच्या भिंतीला लागून आहे, जिथे मूल पडलं तर सुरक्षारक्षकाचा फोन येईपर्यंत कळणार नाही? पायी घरी येणाऱ्याला झाडांखालून यायला मिळतं की गाड्यांमधून? माझ्या मते हा प्रश्न चटईक्षेत्राइतकाच महत्त्वाचा आहे, पण ब्रोशरमध्ये त्याला चौकट नसते.

आणि झाडांचं विचाराच. ब्रोशरमधला हिरवा रंग बहुतेक वेळा पोडियमवरचा असतो, म्हणजे पार्किंगच्या छतावर टाकलेली थोडीशी माती. त्यात लॉन येतं, शोभेचे पाम येतात. वड, पिंपळ, कडुलिंब येत नाहीत, मुळांना खाली जमीन लागते. खऱ्या जमिनीवर किती झाडं राहणार, असं विक्रीच्या माणसाला विचारून बघा. तो वरिष्ठांना बोलवायला जाईल.

इथे भाड्यानं राहणाऱ्यांच्या हातात नकाशा नसतो, पण काही गोष्टी असतात. रियाधच्या गल्ल्यांत कितीतरी सौदी घरांच्या बाहेरच्या भिंतीला थंड पाण्याचा नळ असतो, सबील. मालकाच्या खर्चानं, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासाठीही. डिलिव्हरीवाला, झाडूवाला, ड्रायव्हर, सगळे तिथे थांबतात. आपण ज्याला पाणपोई म्हणतो तीच, फक्त वर्षभराची. मला ही या शहरातली सर्वांत चांगली वास्तुरचना वाटते, आणि तिला जागा लागते एक फूट. आपल्या इमारतीच्या दाराशी असं काही ठेवायचं तर हारिसशी आणि मालकाशी बोलावं लागेल, इतकंच. एखादं बाकडंही त्याच बोलण्यात मागता येतं.

आणि थंडीचे महिने घरात काढू नका. वादी हनीफा ही रियाधच्या पश्चिमेची सुमारे एकशे वीस किलोमीटरची कोरडी नदी. एके काळी तिथे राडारोडा आणि सांडपाणी टाकत. मग ती साफ केली. सांडपाणी रसायनांशिवाय, दगड, जीवाणू, शेवाळ आणि मासे यांच्या मदतीनं शुद्ध होईल असे शंभराहून जास्त कप्पे बांधले. २०१०मध्ये त्या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मला तिथलं आवडतं ते मोठमोठ्या दगडांनी केलेले बसण्याचे आडोसे. एका कुटुंबाला पुरेल एवढी जागा, बसल्यावर पडदा राहतो, उभं राहिलं की शेजारचं कुटुंब दिसतं. जुन्या गल्लीचीच युक्ती, नव्या जागी. शेजारच्या आडोशातून कॉफीचा आणि खजुराचा ट्रे आला नाही अशी संध्याकाळ क्वचितच जाते. जाताना आपणही डब्यात चकल्या जास्तीच्या ठेवाव्यात.

२०१९मध्ये जाहीर झालेल्या ग्रीन रियाध योजनेत शहरात पंचाहत्तर लाख झाडं लावायचं ठरलं आहे, बरंचसं शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. त्यातली इथली मूळची झाडं मुलांना नावानं दाखवा. सिद्र म्हणजे आपल्या बोरीची चुलत बहीण. तल्ह बाभळीच्या घराण्यातलं. आणि गाफ हे तर दुसरंतिसरं कोणी नाही, आपली दसऱ्याची शमी आहे. वादीत किंवा सफारतच्या, म्हणजे डिप्लोमॅटिक क्वार्टरच्या पायवाटेवर चालताना यातली किती सापडतात ते मोजायला सांगा, आणि ज्या झाडाखाली आधीच कोणी बसलेलं असेल तिथे त्यांना सलाम करून विचारा, इथे बसलो तर चालेल का?

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.